पंच्याण्णव वजा पंधरा

जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये तिला सगळे मावशी म्हणायचे. मुली म्हणायच्या तेव्हा ती आईची बहीण असायची, आणि फेडरेशनची माणसं म्हणायची तेव्हा झाडू-फडक्याची बाई. शब्द एकच, पण कुणाच्या तोंडून येतो त्यावर तो गोड लागायचा नाहीतर झोंबायचा. मावशीला फरक लगेच कळायचा. न कळायला ती काय दूधखुळी होती? पण कळूनही दोन्हीकडे सारखंच "हो, आले" म्हणायची तिला सवय लागली होती.

या हॉलमध्ये ती पहिल्यांदा आली ती सहा वर्षांची असताना, आणि आली ती खेळाडू म्हणून. हे आता सांगितलं तर मुली खी-खी हसतात. कारण मावशी म्हणजे ताडमाड, दारातून वाकून आत येणारी बाई. पण बाराव्या वर्षापर्यंत ती हॉलमधली सगळ्यात बारीक पोर होती आणि बीमवर तिच्यासारखं चालणारं कुणी नव्हतं. दहा सेंटिमीटर रुंदीची ती दांडी, मोठ्या माणसाच्या छातीइतकी उंच, आणि ही तिच्यावर मागच्या मागे कोलांट्या मारायची. मग एका वर्षात काय झालं देव जाणे, पोरगी वाढतच सुटली. खाली-वर लावलेल्या दोन बारवर झोका घेतला की पाय खालच्या बारवर आपटायला लागले. तेव्हाच्या प्रशिक्षकांनी तिला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तू आता उड्या मारू नकोस. तू आता धर." म्हणजे दुसऱ्या मुली पडतील तेव्हा त्यांना धर. तेरा वर्षांच्या पोरीला एवढं सांगून ते चहा प्यायला गेले. त्या दिवसापासून मावशी धरत आली.

धरता धरता बाकीचंही अंगावर पडलं. फाटलेल्या गाद्या दाभणाने शिवायच्या, हाताला लावायच्या पांढऱ्या पुडीचे गठ्ठे फोडायचे, बारवरची घट्ट बसलेली पूड खरवडून काढायची, कुणाचा अंगठा मुरगळला तर बर्फ लावायचा, कुणाला पहिल्यांदा पाळी आली तर तिच्या आईच्या आधी हिने समजावायचं. लहान मुलींना पहिली कोलांटी शिकवायची तीही हिनेच. हजेरीपटावर मात्र तिच्या नावापुढे "मदतनीस" लिहिलेलं होतं, आणि ते कधी बदललं नाही. प्रशिक्षकाची परीक्षा द्यायला शाळेचा शेवटचा दाखला लागतो, आणि शाळा तर मावशीने या हॉलपायी कधीच सोडलेली. आहे की नाही गंमत?

हॉलमध्ये मोजायला एकच टेप होता. पिवळा, कापडी, लांबलचक. एकदा गाद्यांची हातगाडी त्याच्यावरून गेली आणि सुरुवातीचा तुकडा तुटला. पुरते पंधरा सेंटिमीटर. म्हणजे टेपचं टोक धरलं की तिथे शून्य नाही, पंधरा. नवा टेप मागवा म्हणून मावशीने अर्ज केले, आणि एकदा खरंच नवा आला, तर वॉचमनने तो घरी पडद्याचं माप घ्यायला नेला तो नेलाच. शेवटी मावशीने नाद सोडला. तुटक्या टेपवर जो आकडा दिसेल तो वहीत लिहायचा आणि त्यावरच काम चालवायचं. आपलं घर, आपला टेप, आपले आकडे, कुणाचं काय जातं? बाहेर दुसऱ्या हॉलमध्ये स्पर्धेला गेलं की तिथल्या शहाण्यासुरत्या टेपने मोजताना मावशी मनातल्या मनात पंधरा वजा करायची. वहीत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायचं कुणासाठी? वही तिची, हात तिचे.

मुंगी या हॉलमध्ये आली पाच वर्षांची असताना. तिची आई लाँड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करायची. पोरगी कपड्यांच्या गठ्ठ्यांवरून उड्या मारते आणि मालक ओरडतो म्हणून तिने हिला इथे आणून सोडली. काळी, किडकिडीत, आणि ओझं उचलायची ताकद अशी की आपल्याएवढी गादी एकटी ओढत न्यायची. मावशीनेच तिचं नाव मुंगी ठेवलं. अकरा वर्षं मावशीने तिला बीमवर चढवली. सुरुवातीला हाताला धरून, मग नुसत्या एका बोटाने, मग नुसती शेजारी उभी राहून. मुंगी चौदाची झाल्यावर मावशीने तिला चढण्याची अशी उडी शिकवली की जी देशात दुसरी कुणी करत नव्हती. दांडीच्या टोकाकडे समोरून धावत यायचं, स्प्रिंगच्या फळीवर पाय आपटायचे, हवेत पुढची कोलांटी घ्यायची आणि थेट दांडीच्या टोकावर दोन पायांवर उभं राहायचं. फळीला तिथे सगळे बोर्ड म्हणतात. हा बोर्ड दांडीपासून किती लांब ठेवायचा, यावर सगळा खेळ. चार बोटं इकडे-तिकडे झाली की गेली पोर.

म्हणून मावशीने मुंगीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बोर्डाकडे बघायचं नाही. बोर्ड माझा. तू फक्त दांडीचं टोक बघ. खाली बघितलंस की पाय घाबरतो."

"आणि बोर्ड चुकला तर?"

"मी मेले का?" मावशी म्हणाली होती.

मुंगीने मग कधी खाली बघितलं नाही. वहीत तिच्या नावापुढे आकडा होता पंच्याण्णव. म्हणजे खरे ऐंशी.

दोन वर्षांपूर्वी मुंगी देशाच्या संघात गेली आणि तिच्यामागून मावशीही गेली, कारण मुंगीने सरळ सांगितलं होतं की मावशीशिवाय मी ही उडी मारणार नाही. संघाचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणायचे, ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना व्हॉल्टवरच्या उड्या आणि बार चांगले कळायचे, बीममध्ये त्यांचा जीव नव्हता. "बीमचं तुम्ही बघा मावशी," म्हणून ते मोकळे झाले होते. शिवाय मुलींच्या संघाबरोबर मैदानात एक तरी बाई प्रशिक्षक असावी अशी पद्धत होती, तेव्हा त्यांचीही सोय झाली.

आणि मग ती मोठी स्पर्धा आली. सगळ्या खेळांची, देशोदेशींची, चार वर्षांतून एकदा भरणारी. मुलींच्या जिम्नॅस्टिक्सच्या संघाला तिथे आजवर एकही पदक मिळालेलं नव्हतं. पदक सोडा, पहिल्या आठात येऊन अंतिम फेरी गाठणंही कधी जमलं नव्हतं. या वेळी जमलं. प्राथमिक फेरीत मावशी संघाचा निळा ट्रॅकसूट घालून, गळ्यात फोटोचं ओळखपत्र अडकवून मैदानात उभी होती. तिने तिथल्या टेपने मोजलं, पंधरा वजा केले, बोर्ड ठेवला, मुंगी धावत आली, उडी घेतली आणि खिळा ठोकावा तशी दांडीवर उभी राहिली. मावशीने बोर्ड झटकन ओढून बाजूला घेतला आणि वाकलेलीच राहिली, कारण डोळे भरून आले होते आणि कॅमेरा समोर होता. संघ चौथा आला. तिसऱ्यात आणि यांच्यात फरक इतका थोडा की सर त्या दिवशी कधी नव्हे ते जेवताना गाणं गुणगुणले.

झालं. यश मिळालं की त्याला वास सुटतो, आणि वासावर कोण येतं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी फेडरेशनच्या सचिवांच्या वहिनी विमानाने येऊन दाखल झाल्या. त्यांना सगळे वहिनीच म्हणायचे. तरुणपणी त्या शाळेच्या संघात होत्या म्हणे, आणि त्यांच्याकडे प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र होतं, चौकटीत बसवलेलं. अंतिम फेरी सगळ्या देशात टीव्हीवर दिसणार होती. सचिवांनी एक पत्र लिहिलं आणि अंतिम फेरीच्या यादीत बाई प्रशिक्षक म्हणून मावशीच्या जागी वहिनींचं नाव आलं. मावशीचं ओळखपत्र परत घेतलं आणि तिला प्रेक्षकांत बसायचं तिकीट मिळालं. सरांनी खाली मान घालून सांगितलं, "वरून आलंय मावशी. माझ्या हातात काही नाही." हे वाक्य मावशीने जन्मभर इतक्यांदा ऐकलं होतं की तिने ते ऐकून घेतलं आणि ट्रॅकसूटची चेन वरपर्यंत ओढली.

एवढंच असतं तरी तिने गिळलं असतं. पण त्याच संध्याकाळी जेवणाच्या हॉलमधल्या टीव्हीवर मुंगी दिसली. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, "तुला घडवलं कुणी?" मुंगीने एकदा कॅमेऱ्याच्या बाजूला बघितलं, तिथे कोण उभं होतं ते दिसत नव्हतं, आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "फेडरेशनने, आणि आमच्या सरांनी." बस. पुढे आणखी काही येईल म्हणून मावशी चहाचा पेला हातात धरून उभी राहिली. पुढे जाहिरात आली.

सोळा वर्षांची पोर, तिला जे सांगितलं ते तिने म्हटलं, हे काय मावशीला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण कळणं वेगळं आणि लागणं वेगळं. तिला लागलं. इतकं लागलं की मुंगी रात्रीच्या जेवणाला तिच्या शेजारी येऊन बसली तेव्हा मावशी "माझं झालं" म्हणून ताट उचलून गेली. ताट अर्धं भरलेलं होतं.

सकाळी वहिनी खोलीच्या दारात आल्या. नवाकोरा ट्रॅकसूट, बाहीची घडी अजून मोडलेली नव्हती.

"मावशी, ती तुमची वही द्या बघू. बोर्डाची मापं आहेत ना तिच्यात?"

मावशीने उशाखालची वही काढली. "आहेत. पण त्यात एक—"

"मला वाचता येतं," वहिनी म्हणाल्या. तशा हसूनच म्हणाल्या. "तुम्ही आता निवांत बसा. खूप केलंत. आज जरा मजा करा, वरून बघा. आणि हो, मुलींचे ते केसांचे चाप कुठे असतात तेही सांगून ठेवा."

आता एक वाक्य. तीन शब्दांचं. पंधरा वजा करा. ते मावशीच्या जिभेवर अगदी टोकाला येऊन बसलं होतं. तोंड उघडलं असतं तर आपोआप पडलं असतं. पण मावशीच्या आत काहीतरी हट्टाने आडवं झालं. घ्या, म्हणाली ती मनात. घ्या वही, घ्या ट्रॅकसूट, घ्या टीव्ही. वाचता येतं ना? वाचा.

"चाप निळ्या पिशवीत आहेत," ती म्हणाली.

कुणी म्हणेल रागाच्या भरात झालं. भर कसला! मावशी तेव्हा बर्फासारखी थंड होती. तिने अंथरुणाची घडी घातली, तोंड धुतलं, केस विंचरले. मैदानाकडे निघायला अजून सबंध दीड तास होता. वहिनींची खोली चार दारं सोडून होती. मावशीने स्वतःला समजावलं की काही होणार नाही. सर बघतील. सराव होईल तेव्हा मुंगीलाच कळेल. आणि नाही कळलं, उडी जरा वेडीवाकडी झाली, तर होऊ दे. तेवढंच कळेल सगळ्यांना, मावशी काय करत होती ते. तेवढंच तिला हवं होतं. मुंगी पडावी असं तिला वाटलं नव्हतं, हे शपथेवर खरं. पण मुंगी जरा डगमगावी, असं मात्र वाटलं होतं.

तिची जागा वर होती, खांबाशेजारी. तिथून खालची चारही साधनं दिसत होती. अंतिम फेरीत नियम कडक. प्रत्येक साधनावर तिघींनीच जायचं आणि तिघींचेही गुण धरायचे. एखादी पडली तर तिचे गुण बाजूला टाकायची सोय नाही. व्हॉल्टवर काही बिघडलं नाही, तिथे मुली आपापला बोर्ड स्वतः बघून ठेवतात. बार चांगले गेले. फ्लोअरवर, गाण्याच्या तालावर, संघातली थोरली मुलगी अशी नाचली की अनोळखी लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. गुणांच्या फळ्यावर आकडे आले. संघ तिसरा होता. आता एकच साधन उरलं होतं, आणि ते बीम होतं.

बीमआधी प्रत्येकीला सरावाला अर्धं मिनिट मिळतं. अर्ध्या मिनिटात काय काय करणार? मुंगी सरळ हाताने दांडीवर चढली, मधल्या कोलांट्या करून बघितल्या, उतरायची उडी करून बघितली आणि खाली आली. चढायची उडी तिने केलीच नाही. ती कधीच करत नसे, पायातला जोर राखून ठेवायचा म्हणून. आणि हे तिला शिकवलं होतं कुणी? मावशीनेच. वर बसलेल्या मावशीला हे आत्ता आठवलं.

ती उठली. लोकांच्या गुडघ्यांना धडकत, "सरका, सरका हो" करत जिन्यापर्यंत आली, दोन-दोन पायऱ्या टाकत खाली पोचली. खाली कठडा आणि कठड्याशी पहारेकरी.

"कार्ड?"

"अहो, माझी मुलगी आहे तिथे. बोर्ड चुकणार आहे. एकच निरोप द्या—"

"कार्ड दाखवा बाई."

कार्ड नव्हतं. पहिली मुलगी बीमवरून छान उतरली. दुसरी चढली. या दोघी नुसत्या हात टेकून चढायच्या, त्यांना बोर्ड लागत नव्हता. मावशी कठड्यावर ओणवी होऊन ओरडली, "सर! अहो सर!" पण पलीकडे दुसऱ्या देशाच्या मुलीचं फ्लोअरचं गाणं लागलेलं होतं, आणि सर पाठमोरे उभे होते. मावशी हात हलवत राहिली. पहारेकऱ्याने तिचा दंड धरला. तेवढ्यात मुंगीने, हाताला पूड लावता लावता, वर बघितलं. तिला मावशी दिसली. काल ताट उचलून गेलेली मावशी आज कठड्यापर्यंत धावत आली आहे, हात हलवते आहे, हे बघून पोरीचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! तिनेही हात हलवला. पांढरा हात, कोपरापर्यंत वर. मग वळली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

वहिनींनी बोर्ड आणला. आळशी बाई म्हणावी तर तसंही नाही. त्यांनी चष्मा लावला, गुडघे टेकले, वही उघडली, चकचकीत नव्या टेपने मोजलं. एकदा मोजलं, समाधान झालं नाही म्हणून परत मोजलं. पंच्याण्णव. केसाचाही फरक नाही.

मुंगी धावली. तिने बोर्डाकडे बघितलं नाही.

टाच दांडीच्या टोकाला नुसती घासली आणि सटकली. नडगी दांडीच्या कडेवर आपटली, आणि तो आवाज कठड्यापर्यंत आला. ती गादीवर कुशीवर पडली. सगळ्या मैदानातून "आई गं" म्हणावं तसा एक आवाज निघाला. मुंगी उठली, नडगीकडे बघितलं, तिथून रक्त पायमोज्यासारखं खाली येत होतं. ती हाताने दांडीवर चढली आणि पुढचं सगळं एकही चूक न करता पूर्ण केलं. शेवटी पंचांकडे बघून हसली सुद्धा, कारण हसायचं असतं. पडल्याचा एक पूर्ण गुण गेला, चढण्याच्या उडीचा गेला तो वेगळा. संघ चौथा आला. पदक गेलं ते चार दशांश गुणांनी.

बसमध्ये सरांनी विचारलं, कुणावर ओरडून नाही, नुसतं विचारलं, की बोर्ड नीट होता ना. वहिनींनी वही उघडून सगळ्यांसमोर धरली. "मी दोनदा मोजलंय. हे बघा, पंच्याण्णव. मावशींच्याच हातचं आहे."

सर वळले. "मावशी, पंच्याण्णवच ना?"

"पंच्याण्णवच," मावशी म्हणाली. वहीत तेच होतं.

"मग घाई केली पोरीने," सर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. मागच्या बाकावर थोरली मुलगी रडत होती. तिचं वय झालं होतं, तिला परत संधी नव्हती. मुंगी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेली तर तिने तो झटकला.

दिवेलागणीला मुंगी मावशीच्या खोलीत आली. नडगीला सात टाके, वर पट्टी. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि बराच वेळ पट्टीची चिकटलेली कड नखाने उचकटत राहिली.

"मावशी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"मला लांब वाटलं गं. पाय पडला तेव्हाच वाटलं, दांडी लांब आहे. तू वरून बघत होतीस ना? बोर्ड बरोबर होता का?"

तिला दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता. सरांचा नाही, वहिनींचा नाही, स्वतःच्या पायाचाही नाही. मावशी जे सांगेल ते तिच्यासाठी खरं ठरणार होतं. आणि मावशीने त्या एका क्षणात पुढचं सगळं बघितलं. वही कुणाची? माझी. माहीत कुणाला होतं? मला. सकाळी दार कुणाचं वाजलं होतं? मग ही पोर माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघेल ते डोळे मला बघवतील का?

"बोर्ड बरोबर होता," मावशी म्हणाली. "तुझं पाऊल चुकलं."

मुंगीने मान हलवली. रडली नाही. "शेवटचं की त्याच्या आधीचं?"

"आधीचं," मावशी म्हणाली. एकदा खोटं बोलायला लागलं की त्याला हातपायही आपणच द्यावे लागतात. "लहान पडलं."

"बरं झालं सांगितलंस," मुंगी म्हणाली. "आता मोजून टाकीन."

आणि तिने मोजलं. घरी परतल्यावर टाके निघाले तशी ती हॉलमध्ये आली आणि पावलं मोजायला लागली. धावताना ओठ हलायचे, एक, दोन, तीन. आता बोर्ड मावशी ठेवत होती, केसभरही चूक नव्हती, पण मुंगी आधीचं पाऊल लांब टाकायची आणि सगळी धाव विस्कटायची. जी चूक ती दुरुस्त करत होती ती तिच्यात नव्हतीच, तर दुरुस्त होणार कशी? मग ती खाली बघायला लागली. आजवर कधीच न बघितलेल्या बोर्डाकडे ती आता दर वेळी बघायची आणि ऐनवेळी थांबायची. धावायची, थांबायची. परत मागे जायची. मावशी "राहू दे आज" म्हणायची, आणखी काय म्हणणार? शेवटी एक दिवस मुंगी धाव अर्धवट सोडून उभी राहिली, पायाच्या पट्ट्या सोडल्या, नीट गुंडाळून बाकावर ठेवल्या आणि गेली. संघाच्या यादीतून तिचं नाव फेडरेशनने आधीच काढलेलं होतं, "दडपण सहन होत नाही" असा शेरा मारून. पुढे ती एका दुकानात कापड दाखवायला उभी राहायला लागली, असं कुणीतरी सांगितलं. मावशी त्या रस्त्याने जायचं टाळते.

वर्षभराने मुंगीची आई, ती इस्त्रीवाली, हॉलमध्ये आली. दुपारची वेळ, मुली यायच्या होत्या. हॉलमध्ये मावशी एकटीच बारवरची पूड खरवडत होती. इस्त्रीवालीच्या मागे, तिचा पदर धरून, एक लहान पोर उभी होती, तशीच काळी, तशीच किडकिडीत.

मावशीला वाटलं, ही भांडायला आली. तिला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं. तिने हातातली खरवडणी खाली ठेवली.

"मुंगी कशी आहे?"

"आहे. बोलत नाही फारशी. उंबऱ्यावरून जाताना पण पावलं मोजते, काय बाई खूळ." इस्त्रीवालीने मनगटावरच्या भाजल्याच्या डागावरून हात फिरवला. "मावशी, मी तुमच्यासमोर कधी आले नाही, तोंड नव्हतं मला. माझ्या पोरीपायी सगळ्यांचं पदक गेलं. सगळे तिला म्हणाले, जाऊ दे, होतं असं, वाईट वाटून घेऊ नकोस. तोंडावर गोड, आणि मागून नाव कापलं. तुम्ही एकट्याच खऱ्या निघालात. तोंडावर सांगितलंत, तुझं पाऊल चुकलं म्हणून. मुंगी अजून म्हणते, मावशी माझ्याशी कधी खोटं बोलली नाही." तिने मागच्या पोरीला पुढे ओढलं. "ही धाकटी. दुसऱ्या कुणाच्या हातात नाही द्यायची मला. तुम्ही घ्याल का हिला?"

सांगायचं तर आता सांगायला हवं होतं. हॉल रिकामा होता. समोर आई होती. घरी दुकानातून परत येणारी, उंबऱ्यावर पावलं मोजणारी पोरगी होती, आणि एका वाक्याने तिची मोजणी थांबली असती. मावशीने इस्त्रीवालीच्या डोळ्यांत बघितलं. तिथे मावशीबद्दल नुसता आदर होता, जन्मात कुणी दिला नव्हता इतका.

"वय काय हिचं?" मावशीने विचारलं.